पुरस्कारांच्या यादीवरून वेत्रीमारन निवडताना

तमिळ न जाणणारा मराठी प्रेक्षक घरबसल्या तमिळ चित्रपट निवडतो, तेव्हा त्याच्या हाताशी फार थोड्या खुणा असतात. बहुतेक नट ओळखीचे नसतात, तिथल्या वर्तमानपत्रांतली परीक्षणे वाचलेली नसतात, आणि चित्रपट मदुराईचा आहे की उत्तर चेन्नईचा, हेही पहिल्या दृश्यावरून कळत नाही. अशा वेळी चित्रपटाच्या चित्राखाली छापलेल्या ‘राष्ट्रीय पुरस्कारविजेता’ या दोन शब्दांवरच भिस्त ठेवून तीन तास आणि महिन्याची वर्गणी खर्ची घालावी लागते. दिग्दर्शक वेत्रीमारन यांच्याइतका हा शिक्का वारंवार मिळवणारे आजचे तमिळ दिग्दर्शक थोडेच आहेत. त्यामुळे पुरस्कारांची यादी हातात घेऊन त्यांचे चित्रपट निवडणाऱ्याला नेमके काय मिळते, हे तपासून पाहण्यासाठी त्यांच्याइतके चांगले उदाहरण नाही. माझे मत आधीच सांगतो: ही यादी आपल्याला एका असामान्य आणि दोन चांगल्या चित्रपटांपर्यंत नेते, मात्र त्यांचा सर्वांत समृद्ध चित्रपट तिच्यात नाही.

वेत्रीमारन हे बालू महेंद्र यांच्या हाताखाली तयार झालेले दिग्दर्शक आहेत. बालू महेंद्र छायाचित्रण शिकले ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, आणि पुढे छायाचित्रणासाठी त्यांनी स्वतःही राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. नैसर्गिक प्रकाशात, सजावट न करता माणसे दाखवण्याची त्यांची शिस्त शिष्याच्या कामात जागोजागी दिसते. गुरूच्याच एका चित्रपटात नायक असलेल्या धनुषशी वेत्रीमारन यांचे सूत तिथेच जुळले आणि २००७ मध्ये दोघांचा ‘पोल्लादवन’ आला. चोरीला गेलेल्या मोटारसायकलीमागे फिरणारी ही गोष्ट वेगवान आणि नेटकी आहे. राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत ती नाही आणि नसल्याचे वाईटही वाटत नाही. (ती मोटारसायकल पुण्याच्या बजाज कंपनीची पल्सर आहे, आणि नायकाचा तिच्यावरचा जीव पाहून कंपनीने जाहिरातीवर खर्च कशाला करावा, असा प्रश्न पडतो.)

यादीची खरी सुरुवात ‘आडुकळम’पासून होते. ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाने सहा ठिकाणी नाव नोंदवले. दिग्दर्शन आणि मूळ पटकथा हे दोन्ही पुरस्कार वेत्रीमारन यांना मिळाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार धनुषला, मल्याळम अभिनेते सलीम कुमार यांच्याबरोबर विभागून, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी मिळाला. संकलनासाठी किशोर टी. आणि नृत्यदिग्दर्शनासाठी दिनेश कुमार यांचा गौरव झाला आणि व्ही. आय. एस. जयपालन यांचा विशेष उल्लेख झाला. एवढे असूनही त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट ‘आडुकळम’ नव्हता. तो मान सीनू रामसामी यांच्या ‘तेन्मेर्कु परुवकाट्रु’ला मिळाला. त्याच चित्रपटासाठी शरण्या पोन्वण्णन यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला, आणि तो ‘बाबू बँड बाजा’मधल्या मिताली जगताप यांच्याबरोबर विभागून होता, हे मराठी वाचकाला आठवत असेल. देशातला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ज्या चित्रपटासाठी निवडला गेला, तो त्याच्या स्वतःच्या भाषेतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला नाही, या विसंगतीवर तेव्हा बराच खल झाला असणार. प्रेक्षकाच्या दृष्टीने तिचा अर्थ एवढाच की, केवळ ‘सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट’ या रकान्यावर विसंबून जो यादी करील, त्याच्या हातून ‘आडुकळम’ निसटेल.

आणि तो निसटू नये. मदुराईतल्या कोंबड्यांच्या झुंजींची पार्श्वभूमी असली, तरी चित्रपटाचा विषय गुरूच्या मनातली असूया हा आहे. पेट्टैकारन हा झुंजींतला जुना उस्ताद. त्याने नाकारलेला कोंबडा त्याचाच शिष्य करुप्पू (धनुष) रिंगणात उतरवतो आणि जिंकतो, आणि तिथून उस्ताद आपल्या शिष्याचा एकेक आधार शांतपणे काढून घेऊ लागतो. तो कुठेही खलनायकासारखा बोलत नाही. एखादी बातमी अर्धवट सांगणे, एखाद्याच्या कानावर योग्य वेळी एखादी शंका घालणे, एवढ्यावरच तो सारे उद्ध्वस्त करतो. पटकथेचा पुरस्कार कशासाठी असतो, हे कुणाला समजून घ्यायचे असेल, तर त्याने उत्तरार्धातला हा सारा भाग पाहावा. हा उस्ताद साकारणारे जयपालन हे श्रीलंकेतून नॉर्वेत गेलेले तमिळ कवी. त्यांना मिळालेला विशेष उल्लेख योग्यच होता, मात्र पडद्यावर ऐकू येतो तो आवाज त्यांचा नसून अभिनेते राधा रवी यांचा आहे, आणि पुरस्कारांच्या यादीत अशा उसन्या आवाजाला रकाना नसतो. उणिवाही आहेत. तापसी पन्नूचा प्रेमकथेचा धागा पूर्वार्धात लांबतो आणि झुंजींतले संगणकावर तयार केलेले कोंबडे आजच्या मोठ्या टीव्हीवर नकली वाटतात. धनुषचा लुंगी उचलून रस्त्यातून नाचत जाण्याचा प्रसंग मात्र जसाच्या तसा ताजा आहे. नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार बहुधा भव्य समूहनृत्यांकडे जातो, तो इथे एका माणसाच्या आनंदाने धुंद झालेल्या चालीला मिळाला, ही परीक्षकांची रसिकताच म्हटली पाहिजे.

यानंतरचा चित्रपट ‘विसारणाई’, आणि पुरस्कारांच्या दृष्टीने हा वेत्रीमारन यांच्या कारकिर्दीतला कळस. मराठी प्रेक्षकाने त्याच्याकडे जाण्याचा सर्वांत सोपा रस्ता चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधून जातो, कारण हे दोन्ही चित्रपट जवळजवळ एकाच वाटेने एका वर्षाच्या अंतराने गेले. ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या ओरिझोंती विभागात होता आणि तिथे सर्वोत्कृष्ट ठरला. ‘विसारणाई’ २०१५ मध्ये त्याच विभागात होता आणि त्याला ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या इटली शाखेचा मानवी हक्कविषयक पुरस्कार मिळाला. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘कोर्ट’ देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ६३ व्या वर्षी ‘विसारणाई’ सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट ठरला. ८८ व्या ऑस्करसाठी भारताने ‘कोर्ट’ पाठवला, ८९ व्यासाठी ‘विसारणाई’, आणि दोघांपैकी एकालाही नामांकन मिळाले नाही. विषयही शेजारचे आहेत. ‘कोर्ट’मध्ये व्यवस्था कंटाळवाण्या संथपणाने माणसाला चिरडते आणि कॅमेरा दूर उभा राहून ते पाहतो, ‘विसारणाई’मध्ये तीच व्यवस्था कोठडीच्या आत असते आणि कॅमेरा कैद्यांच्या बरोबरीने भिंतीला टेकलेला असतो.

कथेचा आधार कोइम्बतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांची ‘लॉकअप’ ही कादंबरी. तरुणपणी आंध्रातल्या गुंटूरमध्ये पोलीस कोठडीत त्यांनी स्वतः जे भोगले, त्यातून ती लिहिली गेली. चित्रपटात पोटासाठी गुंटूरला आलेल्या तमिळ मजुरांना एका घरफोडीच्या प्रकरणात उचलले जाते. पोलिसांना चोर सापडलेले नाहीत आणि वरून दबाव आहे, म्हणून यांनी गुन्हा कबूल करायचा, एवढीच अपेक्षा असते. मारहाणीची दृश्ये भयंकर आहेत. त्याहून अस्वस्थ करते ती पोलिसांची कामाची पद्धत, ज्यात मारणे हेही हजेरी मांडण्यासारखे रोजचे काम आहे आणि मधूनच कुणीतरी जेवणाची चौकशीही करतो. उत्तरार्धात कथा तमिळनाडूत येते. तिथला एक पोलीस अधिकारी या मजुरांना सोडवतो आणि स्वतःच्या एका छोट्या कामासाठी बरोबर घेतो, आणि त्यानंतर ते एका मोठ्या राजकीय प्रकरणाचे नको असलेले साक्षीदार बनत जातात. पूर्वार्ध कादंबरीचा आणि उत्तरार्ध मुख्यतः दिग्दर्शकाचा, असा हा जोड आहे, पण सांधा दिसत नाही. पहिल्या भागातल्या पोलिसांना क्रूर ठरवून प्रेक्षकाला सुटता येते; दुसऱ्या भागातला अधिकारी सज्जन आहे, आणि त्याच्या सज्जनपणाचा कुणालाही काही उपयोग होत नाही.

तो अधिकारी समुद्रकनी यांनी उभा केला आहे आणि त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘आडुकळम’मध्ये त्यांनी अभिनेता किशोर यांच्या भूमिकेला फक्त आवाज दिला होता, आणि ‘विसारणाई’त तेच किशोर त्यांच्यासमोर आर्थिक व्यवहारांचा जाणकार म्हणून उभे आहेत. संकलनाचा पुरस्कार पुन्हा किशोर टी. यांना मिळाला, पण तो स्वीकारायला ते नव्हते. मार्च २०१५ मध्ये, याच चित्रपटाचे काम चालू असताना, ऐन तारुण्यात त्यांचे निधन झाले होते. वेत्रीमारन यांच्या नावावर मोजल्या जाणाऱ्या पुरस्कारांची यादी बारकाईने वाचली, तर तिच्यात त्यांच्या वैयक्तिक पुरस्कारांपेक्षा सहकाऱ्यांचे पुरस्कार अधिक आढळतात, आणि माझ्या मते हाच त्या यादीचा सर्वांत बोलका भाग आहे. ज्या दिग्दर्शकाच्या चित्रपटांसाठी एकाच संकलकाला दोनदा आणि एकाच नटाला (धनुषला, पुढे ‘असुरन’साठीही) दोनदा देशपातळीवरचा मान मिळतो, तो प्रत्येक चित्रपटासाठी नवी जुळवाजुळव न करता माणसे वर्षानुवर्षे सांभाळून काम करतो, असा त्याचा सरळ अर्थ होतो. निर्माता म्हणूनही हेच दिसते. एम. मणिकंदन यांचा ‘काक्का मुट्टै’ वेत्रीमारन आणि धनुष यांनी निर्माण केला. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि त्यातल्या दोन्ही मुलांना बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. झोपडपट्टीतल्या दोन भावांना एकदा पिझ्झा खायचा आहे, एवढ्याशा गोष्टीवर उभा असलेला हा चित्रपट मुलांबरोबर निःशंकपणे पाहता येतो. वेत्रीमारन यांच्या नावाशी जोडलेल्या दुसऱ्या फारशा चित्रपटांबद्दल तसे सांगता येणार नाही.

‘विसारणाई’ दोन तासांच्या आत संपतो, त्यात एकही गाणे नाही आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. तो एका बैठकीत पाहावा आणि रात्री उशिरा पाहू नये. यादीतला एकच चित्रपट पाहायचा असेल, तर तो हा.

घरून पाहण्याच्या सोयीबद्दल इथेच सांगून टाकतो. वेत्रीमारन यांचे सर्व चित्रपट एकाच ऑनलाइन सेवेवर मिळत नाहीत. ते वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले आहेत आणि हक्क बदलले की हलतातही, म्हणून वर्षाची वर्गणी भरण्याआधी हवा तो चित्रपट त्या दिवशी तिथे आहे की नाही, हे शोधून पाहावे. तळओळी (सबटायटल्स) बहुधा इंग्रजीत असतात आणि मराठीत मिळत नाहीत, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना बरोबर घेऊन पाहणे अवघड जाते. एका सेवेवर तळओळी संवादाच्या मागे पडत होत्या आणि दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की एकाचेच बोलणे खाली उमटत होते. ‘विसारणाई’सारख्या चित्रपटात, जिथे तेलुगू पोलीस आणि तमिळ कैदी यांना एकमेकांचे बोलणे नीट कळत नाही हाच कथेचा एक भाग आहे, तिथे असा निष्काळजीपणा विशेष खटकतो. हिंदी आवाजाची आवृत्ती समोर आली तरी ती टाळावी, कारण तिच्यात हा दोन भाषांमधला तिढाच सपाट होऊन जातो.

यादीतला तिसरा मोठा चित्रपट ‘असुरन’, २०१९ चा. ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट ठरला आणि धनुषला दुसऱ्यांदा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तोही पुन्हा विभागून; या वेळी ‘भोंसले’साठी मनोज बाजपेयी बरोबर होते. साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त लेखक पूमणी यांच्या ‘वेक्कै’ या १९८२ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. धाकट्या मुलाने जमीनदाराचा खून केल्यावर बाप त्याला घेऊन रानात लपतो, आणि मुलाच्या नजरेत भित्रा असलेला हा बाप एकेकाळी कोण होता, ते हळूहळू उलगडत जाते. ब्रिटिश राजवटीत १८९२ पासून मद्रास इलाख्यातल्या दलितांना दिलेल्या आणि नंतर बळकावल्या गेलेल्या ‘पंचमी’ जमिनींचा प्रश्न कथेच्या मुळाशी आहे. पायांत चपला घातल्या म्हणून एका मुलीची होणारी विटंबना आणि वस्तीला लावलेली आग हे प्रसंग पाहताना, २५ डिसेंबर १९६८ रोजी तंजावर जिल्ह्यातल्या किळवेण्मणी इथे झालेल्या, ४४ जणांचा बळी घेणाऱ्या जळिताची आठवण कुणाही माहितगाराला होईल.

तिशीतल्या धनुषने पन्नाशीचा, दारू पिऊन पोरांच्या शिव्या खाणारा आणि कुटुंबासाठी गावभर लोटांगणे घालणारा शिवसामी ज्या अंगाने उभा केला आहे, त्याबद्दल त्याला मिळालेला पुरस्कार निर्विवाद आहे. मंजू वारियर यांनी त्याच्या पत्नीच्या भूमिकेत त्याला तोलामोलाची साथ दिली आहे. पण चित्रपट म्हणून ‘असुरन’ मला ‘विसारणाई’च्या खालचा वाटतो. कादंबरीतला केंद्रबिंदू मुलगा होता. पडद्यावर तो बापाकडे सरकला, आणि एवढा मोठा नट बापाच्या भूमिकेत आल्यावर त्याने शस्त्र उचलण्याचा क्षण टाळ्यांसाठीच रचला जातो. पूर्वायुष्याच्या भागात तरुण धनुष ओळखीचा नायकच वाटतो. त्या हाणामारीचा थरार उत्तम आहे, यात शंका नाही. पण ज्या अन्यायाचे चित्र आधीच्या तासाभरात इतक्या संयमाने उभे केले, त्याचे उत्तर एका माणसाच्या बाहुबळात शोधल्यासारखे होते, आणि शेवटी शिक्षणाबद्दल बाप मुलाला जे सांगतो, ते खरे असूनही थोडे उशिरा येते. तेलुगूत ‘नारप्पा’ या नावाने त्याचा पुनर्निर्माण झाला आहे. त्याच्या वाटेला जायचे कारण नाही.

आता यादीत नसलेला चित्रपट. ‘वडा चेन्नई’ २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा मान प्रिया कृष्णस्वामी यांच्या ‘बारम’ला मिळाला, आणि ‘वडा चेन्नई’चे नाव कोणत्याही रकान्यात आले नाही. प्रादेशिक समित्यांकडून केंद्रीय समितीकडे जाणाऱ्या त्या चाळणीत तो कुठे अडला, हे प्रेक्षकाने शोधत बसू नये. फक्त शिक्का नाही म्हणून त्याला मागे टाकू नये. चित्रपट सुरू होतो तेव्हा चौघांनी नुकताच एक खून केलेला असतो आणि रक्ताळलेली हत्यारे टेबलावर पडलेली असतात. मेलेला माणूस कोण होता आणि तो मेल्याने त्या वस्तीचे काय काय गेले, हे कळायला निम्म्याहून अधिक चित्रपट जावा लागतो. मध्ये तुरुंग आहे, कॅरमचे सामने आहेत, बंदराजवळची कोळ्यांची वस्ती आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेले विकासाचे आराखडे आहेत. कॅरम खेळता खेळता गुंडांच्या टोळीत ओढला जाणारा अन्बु हा धनुषच्या कारकिर्दीतल्या सर्वांत मोकळ्या भूमिकांपैकी एक आहे, आणि अँड्रिया जेरेमाया यांची चंद्रा ही सूड मनात ठेवून वर्षानुवर्षे संसार करणारी स्त्री चित्रपट संपल्यावरही डोक्यातून जात नाही. कालक्रम इतका मागेपुढे होतो की पहिला अर्धा तास कागदावर नावे लिहून घ्यावीशी वाटतात. तमिळ न जाणणाऱ्याला ही मेहनत दुप्पट पडते आणि तरीही तो इतरांच्या आधी पाहण्यासारखा आहे, कारण माणूस, टोळी, वस्ती आणि सरकार या चारही पातळ्या एकाच कथेत पेलण्याचे जे काम वेत्रीमारन यांनी इथे केले, ते त्यांच्या पुरस्कारप्राप्त चित्रपटांतही इतक्या विस्ताराने झालेले नाही. हा पहिला भाग म्हणून आला होता, त्यामुळे शेवटाला काही धागे लोंबकळत राहतात, हे मात्र जाणून घेऊन बसावे.

‘विडुदलै’चे दोन भाग (मार्च २०२३ आणि डिसेंबर २०२४) मी शेवटी ठेवले आहेत आणि पाहणाऱ्यानेही ते शेवटीच ठेवावेत. जेयमोहन यांच्या कथेवर बेतलेली ही निर्मिती २०२४ च्या रॉटरडॅम महोत्सवात दाखवली गेली, पण २०२३ सालासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट ‘पार्किंग’ ठरला. पहिल्या भागाची सुरुवात रेल्वे अपघाताच्या जागेवरून फिरणाऱ्या, न तुटणाऱ्या एका प्रदीर्घ दृश्याने होते आणि तेवढ्यासाठीही तो भाग पाहावा. विनोदी नट म्हणून ओळखला जाणारा सूरी इथे जंगलातल्या पोलीस छावणीत जीप हाकणारा साधा शिपाई झाला आहे; वरिष्ठांची माफी मागायला नकार देणारा हा शिपाई ‘विसारणाई’तल्या सज्जन अधिकाऱ्याचा धाकटा भाऊ शोभेल. पोलीस ठाण्यात स्त्रियांवर होणाऱ्या अत्याचारांची दृश्ये सहन होण्यापलीकडची आहेत, तेव्हा कुटुंबाबरोबर लावू नये. दुसऱ्या भागात विजय सेतुपती यांचा बंडखोर नेता पेरुमाळ वाध्यार आपली सारी राजकीय जडणघडण चालता चालता सांगत राहतो आणि चित्रपटाचे व्याख्यान होते. तळओळी वाचत पाहणाऱ्याला पडद्यावरचे चेहरे पाहायला वेळच उरत नाही, म्हणून ज्याला तमिळ येत नाही, त्याने पहिल्या भागावर थांबले तरी चालेल.